ठिगळाखालची रेघ

त्या वर्षी चित्रकला स्पर्धेचा विषय वरूनच ठरून आला होता, ‘माझी नदी’. सहावी-सातवीच्या मुलांनी दोन तास माना खाली घालून कागद रंगवले आणि जवळजवळ सगळ्यांनी एकच नदी काढली. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, निळं पाणी, शिडाची होडी आणि काठावर नारळाची झाडं. शाळेपासून पाच मिनिटांवर कुंडलिका होती. एकाही मुलाला ती आठवली नव्हती. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही, कारण मीही रोज पुलावरून येताना नाकाला पदर लावायचे आणि समोर बघत पाय उचलायचे. जालन्यात चित्रकलेची शिक्षिका म्हणून येऊन मला वीस वर्षं होऊन गेली होती, पण नदीकडे मी मान वळवून कधी पाहिलं नव्हतं.

एका मुलीनं मात्र खरी नदी काढली होती. काळं पाणी, त्यात अडकलेल्या पिशव्या, काठाला उकिरडा, आणि त्या काळ्यात मध्येच एक गुलाबी पट्टा.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“आमच्या दादीचं रंगाचं पानी, मॅडम. आज गुलाबी, कधी हिरवं ऱ्हातं.”

त्या चित्राला मी तिसरा नंबर दिला. पहिला दिला नाही. बक्षीस समारंभाला पाहुणे येणार होते, पहिल्या नंबरचं चित्र फ्रेम करून त्यांना भेट द्यायचं होतं, आणि मुख्याध्यापक आधीच म्हणाले होते, “मॅडम, जरा प्रसन्न चित्र निवडा.” मी नारळाच्या झाडांना पहिला नंबर दिला आणि मनाची समजूत घातली की या मुलीचं ब्रशचं काम कच्चं आहे. ते कच्चं नव्हतं.

तेच मनात टोचत राहिलं म्हणून आठवड्याभरानं तिच्या घरी गेले. नदीच्या अगदी काठाला एक गल्ली होती, पन्नासेक घरांची. एका टोकाला पिठाची गिरणी, दुसऱ्या टोकाला म्हशींचा गोठा. अर्धी घरं उर्दू बोलणाऱ्या मुसलमानांची, बाकीची आसपासच्या गावांतून पोटामागे आलेल्यांची. मुलीची आजी रंगारीण होती. तिची सासू, आजेसासू, सगळ्याच नदीवर कापड रंगवणाऱ्या. आता कापड राहिलं नव्हतं, बाजारातल्या दुकानांतून साडीला जुळणारे फॉल आणि ओढण्या रंगवायला यायच्या, तेवढंच. अंगणात चुलीवर भगोनं, त्यात उकळतं पाणी, मीठ आणि रंगाची पूड. ती लाकडी दांड्यानं ओढणी वरखाली करत होती आणि डोळ्यांनीच रंग मोजत होती. गल्ली तिला खाला, म्हणजे मावशी म्हणायची, मीही म्हणायला लागले. ती मला बाई म्हणायची.

मी तिला सांगितलं की तुमच्या नातीनं फार चांगलं चित्र काढलंय. तिनं भगोन्यातून मान वर न करता विचारलं, “तो पहिला नंबर काहून न्हाई आला?”

मी म्हणाले की माझं चुकलं. तिनं मला बसायला पाट दिला. आमची ओळख अशी झाली.

मी पिंपळगाव रेणुकाईची. शेतकऱ्याच्या घरातली. आमच्याकडे ओढा आटला की माणसं ओढ्यात उतरून झरे मोकळे करायची, त्यासाठी कोणी बोलवायला लागायचं नाही. इथं शहरात नदी कोणाची, हेच कोणाला ठाऊक नव्हतं. जुन्या जालन्याला वाटायचं घाण नव्या जालन्यातून येते, नव्याला वाटायचं जुन्यातून. खालाच्या अंगणात बसून मला सुचलं की नदीचा नकाशा काढावा. छापील नको, लोकांनी आपल्या हातानं काढलेला. आपापलं घर काढायचं आणि आपल्या घरातून नदीत काय जातं तेही काढायचं. कल्पना माझीच होती. नंतर बरेच जण म्हणाले की ती सगळ्या गल्लीची होती. त्यांनी ते माझ्या समाधानासाठी म्हटलं, पण ते खरं नाही.

खालानं मांजरपाट आणलं. दोन पन्हे जोडून शिवलं, तेव्हा ते तिच्या दारापासून गिरणीच्या ओट्यापर्यंत पुरलं. मी म्हणाले नदी निळी रंगवू या, म्हणजे लांबून कळेल. ती हसली.

“बाई, तुम्ही बी पोराहून वेगळ्या न्हाई. निळी कधी व्हती ती?”

तिनं चहाच्या चोथ्यासारखा एक तांबूस मातकट रंग बनवला, पुराच्या पाण्याचा. तो कापडाच्या मधोमध लांब पट्ट्यात चढवला. रेघा काढायला रंग घट्ट लागतो, म्हणून तिनं चिंचोके कुटून त्यांची खळ शिजवली आणि त्यात रंग मिसळला. ऑइलपेंट नको म्हणाली, पेंट कापडावर बसतो आणि रंग कापडात शिरतो. वीस वर्षं रंग शिकवत होते, पण मला हा फरक कोणी असा सांगितला नव्हता.

दर रविवारी सकाळी कापड गल्लीत पसरायचं. सुरुवातीला बायका आल्या, मग म्हातारे. एका नियमावर मी ठाम होते, खोटं काढायचं नाही. “आपलं मोरीचं पाणी नदीत जातं तर ती रेघ काळी काढा. कोणी हसणार नाही.”

लोक हसलेच. गोठ्यावाले काका धावडा गावचे. तीस वर्षांपूर्वी दोन म्हशी घेऊन आले होते, आता सहा होत्या. त्यांनी आधी फक्त म्हशी काढल्या, शिंगांसकट, फार सुंदर. मग बराच वेळ रंगाची काडी हातात धरून बसले.

“मॅडम, शेणाचं बी काढायचं का?”

“नदीत जातं ना, काका?”

“जातं तर. पन लोक काय म्हनतील?”

“आधी मी काढते,” खाला म्हणाली. तिनं आपल्या घरापासून नदीपर्यंत एक जाड रेघ ओढली, काळी नाही, भडक गुलाबी. “हे माझं. आमची सास बी हेच करायची. आता काढा तुमचं शेन.”

काकांनी काढलं. मग सगळ्यांनी काढलं. महिनाभरात त्या तांबूस पट्ट्याला दोन्ही बाजूंनी काळ्या रेघा येऊन चिकटल्या, गोमेच्या पायांसारख्या. मी कापडावर प्रत्येक घराला एक आकडा दिला आणि एका शंभर पानी वहीत त्या आकड्यासमोर लिहीत गेले, घर कोणाचं, काय करतात, नदीत काय सोडतात. शिक्षकाला वही लागतेच. वहीशिवाय काम झाल्यासारखं वाटत नाही.

एका रविवारी आम्ही ते कापड पुलाच्या कठड्याला बांधून नदीवर सोडलं. येणारेजाणारे थांबले. मोटारसायकली थांबल्या. माणसं वाकून आपलं घर शोधायला लागली. गल्लीतल्या एका बाईचा नवरा, रिक्षा चालवायचा, तो कापडावरच्या आपल्या रेघेकडे बघत उभा राहिला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं मोरीमागे शोषखड्डा खणला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याच्या बायकोनं मला विचारलं, “आता आमची रेघ पुसता येती का?”

रंग कापडात शिरलेला, पुसता कसा येणार? तेव्हा खालानं तोड काढली. ज्या घराची घाण बंद झाली, त्याच्या रेघेवर हिरवं ठिगळ लावायचं, गोधडीला लावतात तसं, बारीक धावदोऱ्यानं. पहिलं ठिगळ त्या रिक्षावाल्याच्या बायकोनं शिवलं. शेजारणी बघायला जमल्या. मग चढाओढ लागली. काकांनी शेण काठावर टाकणं बंद केलं, ते आता एका शेतकऱ्याच्या ट्रॉलीतून जायला लागलं. खालानं अंगणात खड्डा केला, त्यात वाळू आणि कोळसा भरला, रंगाचं पाणी त्यातून गाळून जिरवायला लागली. तिचं ठिगळ तिनं स्वतः शिवलं नाही, काकांच्या बायकोकडून शिवून घेतलं. म्हणाली, आपली शाबासकी आपण द्यायची नसते.

दोन पावसाळे गेले. या काळात माणसांनी काठावरचा उकिरडा हातानं उचलला, बायकांनी घाटाच्या तीन पायऱ्या गाळातून वर काढल्या, पुलाच्या भिंतीवर आम्ही म्हशी, ओढण्या, गिरणी, सगळं रंगवलं. पेपरात फोटो आले, तेव्हा शहर सुशोभीकरणाचं काम बघणाऱ्या कार्यालयानं जेसीबी पाठवून गाळ काढला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर आमच्या पट्ट्यात पाणी वाहताना दिसलं. स्वच्छ म्हणवत नाही, पण तळाचे गोटे दिसायचे. एका सकाळी पुलाखालच्या तारेवर खंड्या बसलेला होता. मी पुलावर थांबून त्याच्याकडे बघत राहिले आणि शाळेत उशिरा पोचले. एवढा आनंद मला त्यापूर्वी आणि त्यानंतर झालेला नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की सगळं व्यर्थ होतं. नदी खरंच सुधारली. तीच तर अडचण झाली.

नदीला वास येत होता तोवर काठाची जागा कोणालाच नको होती. वास गेला तशी माणसं यायला लागली. आधी फिरायला, मग मोजायला. कार्यालयातले एक तरुण इंजिनिअर साहेब आमच्याकडे फार येत. सभ्य माणूस, जमिनीवर बसून चहा प्यायचे. एकदा म्हणाले, “मॅडम, असा सर्व्हे आमच्याकडेसुद्धा नाही. घर न् घर दिसतंय. हे कापड आपण हॉलमध्ये लावू. आणि यातले आकडे कशाचे आहेत?”

मी वहीबद्दल सांगितलं. त्यांनी ती बघायला मागितली. मी दुसऱ्या दिवशी नेऊन दिली. त्यांनी मागितली म्हणून नाही, मला ती दाखवायची होती म्हणून. सुवाच्य अक्षर, लाल शाईनं आखलेले रकाने. त्यांनी पानं उलटली आणि म्हणाले, “बिनचूक आहे.” मला शाळेत कोणी कधी असं म्हटलं नव्हतं. मी हवेत तरंगत घरी गेले. कापड कार्यालयाच्या हॉलमध्ये काचेत लागलं. वही परत मागायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

चार महिन्यांनी, ऐन मार्चच्या उन्हात, खाला शाळेत आली. यापूर्वी ती कधी शाळेत आली नव्हती. व्हरांड्यात उभी राहून तिनं ओढणीच्या गाठीतून एक कागद काढला.

“बाई, मला उर्दू वाचता येती, हे न्हाई येत. वाचा बरं.”

ती नोटीस होती. नदीपात्राच्या हद्दीत बांधकाम, आणि पात्रात सांडपाणी सोडणं, या दोन कारणांसाठी घर रिकामं करावं. मी मोठ्यानं वाचत होते आणि तिसऱ्या ओळीला थांबले. तिथं लिहिलं होतं, ‘सदर घरातून कापड रंगवलेले गुलाबी, हिरवे वगैरे रंगाचे पाणी थेट नदीत सोडले जाते.’ ‘गुलाबी, हिरवे वगैरे’. हे शब्द सरकारी नव्हते. माझे होते. घरासमोरचा आकडासुद्धा मी दिलेलाच होता.

“काय झालं?” खालानं विचारलं. “पुढं वाचा.”

मी पुढचं वाचलं. वाचून झाल्यावर तिला खरं सांगितलं. हे माझ्या वहीतलं आहे, मी साहेबांना दिली होती. मधली सुट्टी झाली, मुलं आरडाओरडा करत आमच्या बाजूनं धावत गेली. मग तिनं कागद माझ्या हातातून घेतला, आधीच्याच घड्यांवर दुमडला आणि गाठीत बांधला. आणि ती निघून गेली. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, आणि तिला ते कळत असावं.

मी त्याच दिवशी कार्यालयात गेले. साहेबांनी खुर्ची दिली, पंखा वाढवला.

“साहेब, त्या घरांनी घाण सोडणं कधीच बंद केलंय. कापडावर बघा, प्रत्येक रेघेवर ठिगळ आहे.”

“आहे की. मी पाहिलंय.”

“मग?”

“ठिगळाखाली रेघ आहे ना, मॅडम?”

ते उपहासानं बोलले नाहीत. त्यांना ते साधं तांत्रिक उत्तर वाटत होतं. मी म्हणाले, “वरच्या बाजूला नवीन गृहसंकुलाचा मोठा पाईप थेट नदीत सुटतो. माणूस आत वाकून जाईल एवढा. त्यांना नोटीस गेली का?”

“तो पाईप तुमच्या नकाशात नाही.”

तो खरंच नव्हता. संकुलातलं कोणी आमच्या रविवारी आलं नव्हतं. आम्ही नियम केला होता की ज्यानं त्यानं आपलं काढायचं, दुसऱ्याचं काढायचं नाही, भांडणं नकोत. जे आले त्यांनी खरं काढलं आणि नकाशावर आले. जे आले नाहीत ते नदीला काहीच न सोडणारे म्हणून कोरे राहिले. ती सगळी रचना माझी होती, आणि मी तिच्यावर खूश होते.

“मी आता काढते तो पाईप,” मी म्हणाले.

“आता काढून काय उपयोग? मोजणी झाली. आणि मॅडम, तुम्हीच सांगितलं होतं ना, खोटं काढायचं नाही. लोकांनी कबूलच केलंय.”

मी उठून आले. टेबलावर हात आपटला नाही. पेपरवाल्यांकडे गेले नाही. मुख्याध्यापकांनी दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, “संस्थेला कार्यालयाकडून मैदानाची परवानगी हवी आहे. तुमचं नाव झालंय, आता यात पडू नका.” मी एक अर्ज मात्र लिहिला, चार पानी, सगळ्या घरांच्या सह्या घेतल्या. सह्या घ्यायला गल्लीत गेले तेव्हा काकांनी अंगठा उठवायच्या आधी विचारलं, “मॅडम, ह्यो कागद बी त्याहीच्याच हाती देनार का?” मी हो म्हणाले. त्यांनी अंगठा उठवला, पण माझ्याकडे बघून नाही. अर्जाला उत्तर आलं नाही.

घरं पावसाळ्याच्या आधी पाडली. मी त्या दिवशी शाळेत होते, परीक्षा चालू होती. सुट्टी टाकता आली असती. टाकली नाही. संध्याकाळी पुलावरून आले तेव्हा गल्लीच्या जागी विटांचा ढीग होता आणि पुलाच्या भिंतीवर आम्ही काढलेल्या म्हशी तशाच होत्या.

लोकांना बायपासच्या पलीकडे माळावर पत्र्याच्या खोल्या मिळाल्या. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. प्यायला पुरेना, तिथं कापड कुठून रंगवणार? खालाचं काम बसलं. काकांना म्हशी ठेवायची परवानगी नव्हती. त्यांनी त्या विकल्या आणि धावड्याला भावाच्या शेतात परत गेले, मालक म्हणून नाही, राबायला. जाताना मला भेटले नाहीत, ते मला दुसऱ्याकडून कळलं.

काठाला फरशा बसल्या, दिवे लागले, बाकं आली. पुलाची भिंत बाहेरगावच्या कलाकारांना बोलावून परत रंगवून घेतली. निळं पाणी, होडी. नारळाची झाडंसुद्धा. उद्घाटनाला माझा सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ, ‘लोकसहभागातून नदी’ असं लिहिलेलं मानचिन्ह. मी आदल्या दिवशी कागदावर भाषण लिहिलं होतं, त्यात पाईप होता, नोटीस होती, वही होती. माईकसमोर उभी राहिले. पहिल्या रांगेत मुख्याध्यापक, साहेब, त्यांच्या बायका. कागद पर्समध्ये होता. मी सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसले. टाळ्या बऱ्याच वाजल्या.

त्यानंतर मी माळावर गेले. आधी जायची हिंमत नव्हती, आणि सत्कारानंतर ती कुठून आली ते मला सांगता येणार नाही. खाला खोलीच्या सावलीत बसून लसूण सोलत होती. पाट दिला नाही. मी जमिनीवर बसले.

“तुमचा सत्कार झाला म्हने.”

“झाला.”

“चांगलं झालं.” तिनं चार पाकळ्या सोलल्या. “ते कापड कुठं हाये?”

“कार्यालयात. काचेत.”

“आनून द्या. मी रंगवलेलं हाये. त्याच्यावर आमची घरं हायेत. त्याहीच्या भिंतीवर काहून ऱ्हावं?”

मी रीतसर पत्र दिलं. उत्तर आलं की ती वस्तू आता सार्वजनिक मालमत्ता आहे. तोवर जुने साहेब बदलून गेले होते. नव्या साहेबांना जाऊन मी सांगितलं की कापडाचा रंग उडतोय, मूळ कारागिराकडून दुरुस्त करून आणते. नोकरीत मी बोललेलं हे पहिलं धडधडीत खोटं. त्यांनी शिपायाला काच उघडायला लावली.

कापड रिक्षात घालून मी माळावर नेलं. त्या दिवशी टँकर आला होता. खालानं शेजारच्या चार घरांतून एकेक घागर मागून आणली, भगोनं चढवलं. मला वाटलं की ती ते पांघरेल किंवा पेटीत ठेवेल. तिनं डब्यातून पांढरी पूड काढली.

“हे काय?”

“हायड्रो. रंग उतरवायचा. तुम्हाला काय वाटलं, चढवताच येतो का फक्त?”

कापड एका वेळी मावेना, म्हणून तिनं ते हातहातभर करून आत सोडलं आणि दांड्यानं दाबलं. गंधकासारखा वास सुटला. नदीचा पट्टा आधी गेला, मग काळ्या रेघा, मग घरं. तिची गुलाबी रेघ सर्वांत शेवटी गेली, पक्का रंग होता. काकांच्या म्हशी गेल्या तेव्हा मला रडू आलं. ती नाही रडली. हिरवी ठिगळंही पांढरी झाली, पण टाके राहिले, कारण दोरा मिलचा, मजबूत होता. वाळल्यावर त्या पांढऱ्या कापडावर हात फिरवला की कुठं कोणाचं घर होतं ते बोटांना कळत होतं.

तिनं ते चार तुकड्यांत फाडलं. वस्तीत बायकांना अंघोळीला आडोसा नव्हता. बांबू रोवून तिनं आणि शेजारणींनी ते तिन्ही बाजूंनी बांधलं, चौथा तुकडा दाराला. मी एक बांबू धरून उभी राहिले. झाल्यावर ती म्हणाली, “आता जा बाई. टँकरच्या गाडीनं जा, नायतर उन्हात चालावं लागन.” पुन्हा ये, असं ती म्हणाली नाही, आणि मी गेले नाही.

कापडाबद्दल मला खुलासा मागणारं पत्र आलं. दुरुस्तीत खराब झालं, असं मी लिहून दिलं. प्रकरण मिटलं. त्याची नोंद माझ्या सेवापुस्तकात कुठं तरी असेल.

गेल्या वर्षी शहराच्या पलीकडच्या अंगाला, सीना नदीच्या काठी तसंच काम करायचं ठरलं. मला फोन आला. मी तब्येतीचं कारण सांगितलं. मग त्यांनी दुसऱ्या एका शाळेतली तरुण चित्रकला शिक्षिका घेतली. मी स्वतःहून तिला भेटायला गेले आणि सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. हुशार मुलगी आहे.

“मग मी काम सोडू का, मॅडम?” तिनं विचारलं.

“सोडू नका. नदीचं भलं होतं त्यानं. पण मोठे पाईप आधी काढा, लोक नंतर. आणि घरांना आकडे देऊ नका.”

तिनं टेबलाच्या खणातून एक छापील तक्ता काढला. कार्यालयानं तिला आधीच दिला होता. पहिलाच रकाना घर क्रमांकाचा होता.

“तो कोरा ठेवता येतो,” मी म्हणाले.

“बघते,” ती म्हणाली. “पण त्यांना पूर्ण भरून हवाय.”

त्यांचं कापड आता बऱ्यापैकी भरलंय म्हणतात. पुलावर टांगलंही होतं एकदा. मी बघायला गेले नाही.